घरमालकाच्या म्हशीचा ताप

थर्मामीटर दिसला की मला अजून मळमळतं. डॉक्टरांनी तो पुढे केला की मी निमूट काख उघडतो. तोंड उघडत नाही.

आम्ही डोंबिवलीला चाळीत राहत होतो तेव्हाची गोष्ट. पन्नास साल नुकतंच उलटलं होतं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी घरात पाळणा नव्हता. नात्यातल्या बायकांनी सुचवलेले नाना काढे बायकोच्या पोटात गेले होते; एकेकाचा वास असा, की भांडंसुद्धा पुन्हा वापरू नये. शेवटी ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळंच सांगितलं. सकाळी जाग आली की अंथरुणातून न उठता, चहाच्या आधी, थर्मामीटर जिभेखाली धरायचा आणि आकडा आलेखाच्या कागदावर मांडायचा. महिन्यात एकदा पारा जरासा चढतो आणि काही दिवस तसाच राहतो. त्यावरून बीज सुटल्याचं कळतं. सलग तीन महिन्यांची रेघ आणा, मग पुढचं बघू, म्हणाल्या.

बायकोनं ते एखाद्या व्रतासारखं धरलं. मी शेजारी बसून दूध उतू जायची वाट बघावी तसा तिच्या तोंडाकडे बघत राहायचो. स्वतःच्या बायकोकडे असं बघायचं, याची मलाच शिसारी यायची.

पंचाईत अशी, की सगळ्या चाळीत थर्मामीटर एकच, आमचा. कुणाचंही अंग तापलं की मागणी यायची आणि कुणाच्या तरी काखेतला घाम घेऊन तो परतायचा. नाही म्हणावं तर कशाला लागतो ते सांगायला हवं, आणि ते सांगायची मला लाज. बायको तो दरवेळी साबणानं धुवायची, झटकून पारा उतरवायची आणि पेल्यात ठेवायची. आता कुणाला देऊ नका, काहीही सबब सांगा, असं तिनं मला बजावलं होतं.

तिसऱ्या महिन्यात एका संध्याकाळी ती देवळात गेली असताना घरमालक आला. गावातला जुना शेतकरी. गोठा चाळीच्या मागेच. घरात ताप आहे, म्हणाला. मला सबब सुचेना. दिला. परत आणून दिल्यावर मी तो तसाच, न धुता न झटकता, पेल्यात टाकला आणि बायकोला काही बोललो नाही.

सकाळी पारा एकशे दोनवर. मी खूश. जितका पारा वर तितकं बीज दमदार, असा माझा हिशेब. बायको म्हणाली, अंग तर गार आहे. मग खात्री करायला मी तो तिच्या हातातून घेऊन माझ्या तोंडात धरला. मलाही एकशे दोन. पुन्हा एकदा धरला. चव जरा गवताळ लागली.

तेवढ्यात दारात घरमालक. "भाऊ, ती काचेची कांडी परत देता का? म्हशीची कणकण अजून हाय."

माझ्या तोंडात कांडी. बायकोनंच विचारलं, "म्हशीला लावलीत? कुठे?"

"तोंडात कशी ठेवू, वयनी? चावून खाईल ना. मागनं घातली. पन धोतराला पुसून दिलेली मी." मग जरा ओशाळून म्हणाला, "गाभन हाय ती, म्हनून घोर लागतो."

मोरीवर आधी ती ओकली, मग मी. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्यावर तोंड पुसत ती बाहेर आली आणि थर्मामीटर घरमालकाच्या हातात दिला. "राहू दे गोठ्यातच. तिला तरी उपयोग होईल."

तो गेल्यावर तिनं आलेखाचा कागद फाडला. "नवा थर्मामीटर आणा," म्हणाली. "पहिल्यापासून करायचं."

नवा आणला. रेघ पुन्हा सुरू झाली. आठवडाभरातच शेजारीण मागायला आली. मी सबब शोधत दारात घुटमळत होतो, तोच बायको आतून म्हणाली, "नाही मिळणार. मला मूल व्हावं म्हणून तो रोज लागतो."

चाळ महिनाभर आमच्या दाराकडे टक लावून बघत होती. थर्मामीटर मात्र पुन्हा कुणी मागितला नाही.