वीतभर काठ

पंजाबराव हे नाव नुसतं आधार कार्डावर. गावात तो पंजाब भोई. त्याच्या हाती वस्तू दिली की ती जशीच्या तशी परत यायची नाही. विळा द्या, मूठ बदलून यायचा. खाट द्या, पाय आखूड होऊन यायची. "अबे, तुले कोणं सांगतलं होतं?" म्हणून लोक तणतणायचे आणि दोन दिवसांनी मुकाट वापरायला लागायचे, कारण ती खरंच सोयीची झालेली असायची.

दिग्रसहून आत, धरणाच्या पाण्याकाठी हे गाव. धरण झालं तेव्हा घरं उठवून अलीकडच्या टेकाडावर आणली, पण वावरं बरीचशी पलीकडं राहिली. सडकेनं वळसा घालून जायचं तर कामाला लागेस्तोवर जेवणाची वेळ होते. म्हणून डोंगा, पत्र्याची लहान नाव. पंजाबचा बाप डोंगा चालवायचा, त्याच्यामागं पंजाब, आणि दुसरा डोंगा पुतण्या ऋतिकचा.

आता डोंगा म्हटलं की त्यात काय मोठं सुधारायचं असतं? पण पंजाबला चैन पडेल तर शपथ! त्यानं बुडाला फळ्या टाकून मागं उतार दिला. पाझरलेलं पाणी त्याच्या एकट्याच्या पायाशी गोळा व्हायचं आणि बायकांचे पाय कोरडे राहायचे. तेलाची कॅन तिरपी कापून पाणी उपसायला घेतली. वल्ह्याच्या दांड्याला सायकलची ट्यूब गुंडाळली, हिवाळ्यात ओला हात सटकायचा तो थांबला. नाकाला टायरचा तुकडा ठोकला, काठाच्या दगडावर आपटायचं भ्या गेलं. ऋतिक आधी हसायचा, मग गुपचूप तेच आपल्या डोंग्याला करायचा.

एक गोष्ट मात्र पंजाबनं कधी बदलली नव्हती. डोंगा ढकलायच्या आधी तो वाकून बाहेरून हाताची वीत लावायचा. अंगठा पाण्याला, करंगळी डोंग्याच्या काठाला. वीत मावली तर निघायचं, नाही मावली तर एकानं उतरायचं. मग तो गावचा सरपंच असो की सोयरा. बापानं शिकवलेलं, आणि त्यावर हुज्जत नाही.

काठाचं खूळ तुळसाबाईनं काढलं. तुळसाबाई त्याची बायको, तीही रोज वेचणीला पलीकडं जायची. दुपारनंतर वारा सुटला की लाटा काठावरून आत यायच्या, लुगडी भिजायची, कापसाची गाठोडी भिजायची.

"साऱ्या दुनियेचं सुधारून राह्यले," ती एक दिवस फणकारली, "आन् आमी बाया रोज वल्ल्या होऊन घरी जातो. काठ वाढवा नं थोडा!"

पंजाबला तेवढंच पाहिजे होतं. दिग्रसच्या वेल्डिंगवाल्याकडून त्यानं वीतभर रुंद पत्र्याची पट्टी चारी बाजूंनी जोडून आणली. जुन्या काठावर वेल्डिंगचा सांधा उठून दिसायचा, त्याच्यावर नवा काठ. बायका जाम खूश. लाट नुसती पत्र्यावर आपटायची आणि परत जायची. "आता कसं घरात बसल्यावानी वाटते," सून शीला म्हणाली. ऋतिकनं पुढच्याच आठवड्यात आपल्या डोंग्याला पट्टी मारून आणली.

पहिले काही दिवस पंजाबनं वीत सांध्यापासूनच लावली. मग वेचणीचा जोर वाढला. पलीकडून बायका ओरडायच्या, "भाऊ, अजून लय जागा हाय वर!" आणि जागा दिसायचीच हो, डोळ्यांना दिसायची. आधी पाणी काठाजवळ आलं की बायका स्वतःच घाबरून उतरायच्या. आता उंच पत्र्याआड पाणी दिसेना, तर घाबरणार कोण? करंगळी कधी सांध्यावरून सरकून नव्या काठावर गेली, ते पंजाबला स्वतःलाही कळलं नाही. हात तोच होता, वीतही तीच होती, आणि वीत मावत होती.

दिवाळी होऊन गेलेली, दिवस कलता. शेवटची खेप. डोंगा भरला होता, गाठोड्यांवर गाठोडी. तेवढ्यात वावराच्या धुऱ्यावरून शीला पळत आली, "मामाजी, थांबा, मी बी येतो!" तुळसाबाई सरकली, सुनेला जागा केली. पंजाबनं वाकून वीत लावली. मावली. "बस," तो म्हणाला.

मधोमध आल्यावर वरचं एक गाठोडं घसरलं. ज्या बाईचं होतं ती धरायला उठली, तिला सावरायला दुसरी उठली. हलका डोंगा अशा वेळी हेलकावा खाऊन सरळ होतो. हा खोल बसलेला, वरून जड, तो कलला तो कललाच. नव्या काठावरून पाणी आत आलं आणि मग किंकाळ्या.

ऋतिकनं आपला डोंगा आणला, बऱ्याच जणी वाचल्या. शीलाला पंजाबनं केसाला धरून ओढून काढली. तिघी गेल्या. त्यात तुळसाबाई.

त्या पाण्यात कोणी बुडालं की पोलीस पंजाबलाच बोलवायचे. कितीतरी लोकांची माणसं त्यानं बुडी मारून वर आणून दिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी जमादार काठावर आला आणि त्याच्याकडं पाहून मान खाली घालून उभा राहिला. बोलवायचं तरी कसं? पंजाब आपणहून पाण्यात उतरला. तुळसाबाई त्यालाच सापडली. पाठीला बांधलेल्या वटीत, वेचणीच्या झोळीत, कापूस तसाच होता, पाण्यानं दगडाएवढा जड झालेला. त्या वटीची गाठ त्यानं पाण्यातच सोडली आणि मग तिला वर आणलं.

चौकशी झाली, पंचनामा झाला, डोंगा काही महिने ठाण्यात पडून राहिला आणि परत आला. या सगळ्या काळात पंजाब कोणाशी धड बोलला नाही. बोलायचा ते एकच. "काठ उंच केला, तरी वीत खालीच ठेवली पाह्यजे होती. मी वर नेली." भेटेल त्याला सांगायचा. लोक म्हणायचे, डोक्यावर परिणाम झाला बिचाऱ्याच्या.

परिणाम कसला डोंबलाचा! डोकं ठिकाणावर होतं म्हणून तर त्याला झोप नव्हती. ऋतिकच्या डोंग्याला तोच उंच काठ होता, आणि पुन्हा वेचणी तोंडावर आली होती. ऋतिक वीत नव्या काठापासूनच लावायचा. आणि त्याच डोंग्यात शीला रोज बसायची. पंजाबच्या डोंग्यात पाय ठेवायला ती तयार नव्हती. "मले तिथं आत्याबाई दिसतात," म्हणायची.

त्यानं आपल्या डोंग्याला शेवटची सुधारणा केली. सांध्याच्या वीतभर खाली, दोन्ही बाजूंनी, बोट जाईल एवढ्या भोकांची रांग पाडली. माणसं जास्त झाली की किनाऱ्यालाच, उथळ पाण्यातच, भोकांतून धारा आत येतील. पाय भिजले की बायका ओरडतील, उतरतील, धारा थांबतील. भ्या परत येईल. साधी गोष्ट होती, आणि त्याच्या साऱ्या करामतींत सगळ्यात शहाणपणाची.

गावानं कपाळावर हात मारला. "डोंग्याले भोकं? बाप्पा! आता याच्यात कोण बसन?" कोणीही बसलं नाही.

तेव्हा एका पहाटे त्यानं ऋतिकच्या डोंग्यालाही भोकं पाडायला घेतली. एक बाजू झाली होती तोवर ऋतिक आला आणि त्यानं ड्रिल हिसकावली.

"काका, तुमाले काही लाज? चूक तुमची झाली, माह्या डोंग्यावर कायले राग काढता?"

"वीत खाली लाव, बापा. सांध्याच्या खाली. एवढं आयक माहं."

"लावतो नं वीत! रोज लावतो! तुमीच शिकवली." ऋतिकचे डोळे भरले होते. तुळसाबाईनं त्याला लहानपणी मांडीवर खेळवलेलं. पण त्यानं भोकं डांबरानं बुजवली आणि दुपारी डोंगा पाण्यात घातला.

आता वेचणी सुरू आहे. ऋतिकचा डोंगा भरतो, तो वाकून वीत लावतो, ती मावते. तो निघाला की मागून पंजाब आपला डोंगा ढकलतो. एकटाच. आत माणूस नाही, गाठोडं नाही. दोराचं वेटोळं आणि फुगवलेल्या ट्यूब. जाताना मागं, येताना मागं, प्रत्येक खेपेला. ओझं नाही म्हणून त्याच्या भोकांतून पाण्याचा थेंब आत येत नाही.

काल शीला अर्ध्या पाण्यात मागं वळून म्हणाली, "मामाजी, लोक हासून राह्यले. घरी जा नं. कायले येता असे मागं मागं?"

पंजाबची नजर तिच्या खाली, डोंग्याच्या बाजूवर होती. काळ्या डांबरानं बुजवलेली भोकं दिसत नव्हती, केव्हाच पाण्याखाली गेली होती.

"तू बस, पोरी," तो म्हणाला. "हालू नको फक्त."