न विचारलेली वाट

थॉर्नबेक गावाच्या वरच्या अंगाला दरी अरुंद होत जाते. तिथं मेंढ्यांपेक्षा भिंतींचे दगड जास्त, आणि दगडांपेक्षा वारा जास्त. त्या वाऱ्याच्या तोंडावर डॉर्कस ऑल्डरसनचं घर. घरापर्यंत पाव मैलाची गाडीवाट जाते. मधोमध गवताची पट्टी आणि दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या. या चाकोऱ्या डॉर्कसनं पाडल्या. सत्तावीस वर्षं ती शाळेची मिनीबस चालवत होती. सकाळी सातला दहा मिनिटं कमी असली की पांढरी बस वाटेवरून डुलत खाली यायची आणि खालच्या वस्तीतले लोक भिंतीवरच्या घड्याळाचे काटे तिच्यावर लावून घ्यायचे.

वाट मात्र तिची नव्हती. ती जायची कीर्टनच्या कुरणातून. एडमंड कीर्टन म्हणजे चारशे मेंढ्यांचा आणि चार शब्दांचा मालक. दरीतली रीत अशी, की ज्याच्या जमिनीतून आपलं जाणं-येणं, त्याच्या दाराशी नाताळाआधी जायचं, टोपी काढायची आणि म्हणायचं, "येत्या वर्षीही वाट असू द्या." मालक मान हलवायचा आणि झालं. कुणाला त्यात कमीपणा वाटत नसे.

डॉर्कसला वाटला. घर घेतलं त्या पहिल्याच डिसेंबरात तिचा नवरा विल्फ टोपी घेऊन निघाला होता. तिनं टोपी त्याच्या हातातून काढून परत खुंटीला टांगली.

"अगं, एक शब्द बोलायचाय. जीभ झिजते का?"

"जीभ नाही झिजत, हक्क झिजतो. घर विकणाऱ्यानं पंख दिले नव्हते आपल्याला. वाटेनंच येणार ना घरी?"

"तुझा हा ताठा एक दिवस अंगाशी येईल."

"येऊ दे. अंग माझंच आहे."

दरीनं तिला शिष्ट ठरवलं. तिनं ते नाव कोटासारखं अंगावर घातलं आणि फिरली.

पुढं कीर्टनची बायको गेली. त्या डिसेंबरात डॉर्कसनं सुक्या मेव्याचा केक केला, त्यावर पांढऱ्या चीजचा जाड तुकडा ठेवला आणि ती त्याच्या दाराशी उभी राहिली. म्हातारा उंबऱ्यात वाट अडवून उभा.

"अखेर विचारायला आलीस वाटतं?"

"केक आणलाय. प्रश्न आणला नाही."

कीर्टननं दार लावून घेतलं. पण केक आत घेऊन. त्यानंतर दर नाताळाला तेच: तोच उंबरा, त्याचा तोच सवाल, तिचा तोच जवाब. विल्फ गेला त्या वर्षीही ती केक घेऊन गेली, आणि त्या वर्षीही तिनं काही विचारलं नाही.

कीर्टन वारला. शेत शहरातल्या गाइल्स हार्टनॉल नावाच्या गृहस्थानं घेतलं. कोठारांची त्यानं सुट्टीतल्या पाहुण्यांसाठी घरं केली. इकडं डॉर्कसचे गुडघे बोलू लागले. बहिणीच्या बैठ्या घरात एक खोली रिकामी होती. तिनं घर विकायला काढलं आणि गिऱ्हाईक चालत दाराशी आलं. नॅन व्हिटेल, एके काळी बसमध्ये पुढच्या सीटवर बसून उलट्या करणारी, आता जनावरांच्या दवाखान्यात नर्स. ती आणि तिचा नवरा दोघंही दरीतलेच. भाव ठरला, चहा झाला.

घर विकणाऱ्या एजंटनं कागदपत्रांसाठी आपल्याच यादीतली एक कंपनी गळ्यात मारली. कंपनी दोनशे मैलांवर. तिला तोंड नव्हतं, फक्त आवाज होते, आणि दर फोनला आवाज वेगळा. एकानं तिला डोरिस केली, दुसरीनं डॅफ्नी. तिसऱ्या आवाजानं खरी गोष्ट सांगितली: जुन्या खरेदीखतात वाटेचा उल्लेखच नाही. कागदावर घर होतं, परसू होतं, विहीर होती. घरापर्यंत जायची सोय नव्हती. वाट नसलेल्या घरावर कुठली बँक नॅनला कर्ज देणार?

दुसऱ्याच आठवड्यात हार्टनॉल दाराशी आला. हातात वाइनची बाटली, बगलेत कागद.

"मिसेस ऑल्डरसन, वाटेची अडचण कानावर आली. म्हटलं, शेजारी कशासाठी असतात? हे पत्र आणलंय. माझ्या परवानगीनं तुम्ही वाट वापरता, एवढंच लिहिलंय. सही करा, सगळं सुरळीत."

"आणि नॅनला?"

"त्यांनाही देऊ की. बघू. वर्षावर्षानं." तो हसला. "आणि त्यांचं नाहीच जमलं, तर घर मी घेईन. अर्थात भाव थोडा वेगळा असेल."

डॉर्कसनं कंपनीला फोन केला. चौथा आवाज म्हणाला, "फारच चांगलं! सही करून टाका, डोरिस. दोन दिवसांत मोकळ्या व्हाल."

"डॉर्कस," ती म्हणाली आणि फोन ठेवला. कागद तिनं पावाच्या डब्याखाली सरकवला. चाळीस वर्षं जो शब्द तोंडातून काढला नाही, तो आता छापून आणून पुढं ठेवला होता, आणि वर वाइन.

मग ती वकील शोधायला स्वतः निघाली. बाजारगावात घरांचे व्यवहार पाहणारे तिघं सॉलिसिटर. वकिलीतलं तिला काही कळत नव्हतं. पण सत्तावीस वर्षं पोरं नेल्या-आणल्यावर माणूस ओळखायची एक रीत तिला सापडली होती: त्याला चालायला लावायचं. तिनं तिघांनाही एकच सांगितलं, "आधी या आणि वाट बघा."

पहिला म्हणाला, "नकाशात दिसते की." दुसऱ्यानं घड्याळ बघितलं. तिसरी मिस आयव्हसन, औषधाच्या दुकानावरच्या माडीत बसणारी, साठीची, खारकेसारखी सुकलेली बाई. तिनं टेबलाखालून चिखलाचे बूट ओढले.

"गुरुवारी येते. पाऊस असला तर बरंच. पाणी कुठं साचतं ते कळेल."

ती गाडी खाली ठेवून चालत आली. चाकोऱ्यांत काठी रोवून खोली बघितली, फाटकाची बिजागरी हलवून बघितली. मग स्वयंपाकघरात बसून हार्टनॉलचं पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"सही केलीत?"

"नाही."

"देवाची कृपा. आता नीट आठवून सांगा. या वाटेची परवानगी तुम्ही कधी मागितलीत? एकदा तरी? सहज, चांगुलपणानं?"

डॉर्कसचा चेहरा तापला. दरीनं चाळीस वर्षं मारलेला टोमणाच हिनं पुन्हा काढला, असं तिला वाटलं.

"नाही मागितली. शिष्ट म्हणतात मला. तुम्हीही म्हणा."

मिस आयव्हसननं टेबलावर हात आपटला. "बाई, हा शिष्टपणा नव्हे, ही वहिवाट आहे! वीस वर्षं उघड, भांडण-तंट्याशिवाय आणि कुणाचीही परवानगी न घेता वापरलेली वाट कायद्यानं घराची होते. 'देता का' म्हणालात की संपलं; मग ती मेहेरबानी. दरीतल्या सगळ्या सभ्य माणसांनी आपापले हक्क टोपीबरोबर काढून ठेवले. तुमचा तेवढा शाबूत आहे."

 डॉर्कसची नजर खुंटीवर गेली. विल्फची टोपी तिथंच होती.

पुढचं काम पावलापावलानं झालं. मिस आयव्हसननं प्रतिज्ञापत्र लिहिलं. त्यातले 'साधारणपणे', 'बहुधा' असे शब्द डॉर्कसनं एकेक करून खोडायला लावले. बसमधून गेलेल्या अकरा पोरांनी जबाब दिले. त्यांतल्या एकाचं टक्कल पडलं होतं. प्रतिज्ञा मात्र आपल्याच वकिलापुढं घेता येत नाही, म्हणून पाच पौंड मोजून ती घड्याळ बघणाऱ्या त्या दुसऱ्या वकिलापुढं घेतली. डॉर्कसनं ती अशी मोठ्यानं वाचली, की रस्त्यावरची माणसं वर बघू लागली.

मग हार्टनॉलच्या वकिलाचं पत्र आलं. शेताबरोबर कीर्टनच्या रोजनिश्याही त्यांच्या हाती आल्या होत्या. एका डिसेंबरात म्हाताऱ्यानं लिहिलं होतं, 'डॉर्कसकडून केक. वाट.' म्हणजे केक हा वाटेचा मोबदला. म्हणजे परवानगी होती. म्हणजे हक्क नाही.

डॉर्कस पत्र घेऊन मिस आयव्हसनची माडी चढली. "बायको गेलेल्या माणसाला केक दिला मी. त्याचा असा फास करतात?"

"केकबरोबर कधी चिठ्ठी दिलीत? आभाराची?"

"चिठ्ठी कशाला? तोंड आहे मला."

"ते दिसतंच," मिस आयव्हसन म्हणाली आणि चार ओळींचं उत्तर लिहिलं: कृपया सर्व वर्षांच्या डिसेंबरची पूर्ण पानं पाठवावीत.

तीन आठवडे शांतता. तिनं पुन्हा लिहिलं. आणखी दोन आठवडे. नॅन रोज संध्याकाळी येऊन बसायची. तिच्या बँकेची मुदत महिनाअखेरीला संपत होती.

"मावशी, सही केली तर निदान काहीतरी होईल."

"काहीतरी होईल, पण वाट होणार नाही. गप बस आणि चहा पी."

शेवटी पाकीट आलं. मिस आयव्हसननं ते न उघडता गाडीत टाकलं आणि थेट वर आली. दोघींनी पानं टेबलावर पसरली. कीर्टनचं अक्षर खिळे ठोकल्यासारखं.

'डॉर्कसकडून केक. वाट', आणि खालच्या ओळीत, 'यंदाही विचारली नाही.'

'केक. विचारली नाही. मेंढ्यासारखी हट्टी.'

'विल्फ गेला. केक घेऊन आली. आज विचारेल वाटलं. नाही विचारली. बरं वाटलं.'

ही शेवटची ओळ डॉर्कसनं दोनदा वाचली. मग उठून चूल उगाचच सारखी केली.

"स्वतःच्याच पुराव्यानं बुडाले," मिस आयव्हसन म्हणाली. "माणसं वहीची एक ओळ वाचतात आणि वही मिटतात."

त्यानंतर हार्टनॉलचा वकील नरम आला. महिना संपायला चार दिवस असताना वाट घराच्या नावावर लागली, पायी आणि गाडीनं, कायमची. व्यवहाराच्या दिवशी दुपारी बाराला मिस आयव्हसनचा फोन आला. "पैसे पोचले. किल्ल्या देऊन टाका, डॉर्कस." पहिल्यांदाच तिनं मिसेस ऑल्डरसन म्हटलं नाही.

किल्ल्या नॅनच्या हातात पडल्या. डॉर्कसनं विल्फची टोपी खुंटीवरून काढली, शेजारच्या सीटवर ठेवली आणि गाडी चाकोरीत घातली. खालच्या फाटकाशी हार्टनॉल उभा होता. तिनं काच खाली केली.

"एवढं सगळं कशाला केलंत?" तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता. खरंच न कळून विचारत होता. "नुसतं विचारलं असतंत, तर मी हो म्हटलं असतं."

"माहीत आहे," डॉर्कस म्हणाली. "म्हणूनच विचारलं नाही."

तिनं काच वर केली आणि गिअर टाकला.