दांडीवरची जागा

१ मे १९७५, गुरुवार. सकाळी शाळेचा निकाल लागला. मी चौथीत पहिली आले. माझा मोठा भाऊ, दादा, पाचवीत नापास झाला.

भोसरीच्या कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असे. मे दिन नेमका त्याच दिवशी आल्यामुळे एक सुट्टी बुडाली म्हणून चाळीत सगळे हळहळत होते. आमचे वडील एका कारखान्यात लेथ चालवत. एरवी शिफ्ट आणि ओव्हरटाइममुळे ते आम्हाला फारसे भेटत नसत. गुरुवारी संध्याकाळी मात्र आम्हा दोघांना सायकलवर घेऊन पिंपरीच्या मंडईत जात. एक जण पुढे दांडीवर, एक मागे कॅरियरवर. जागेवरून होणारी भांडणं मिटवायला त्यांनीच नियम केला होता : परीक्षेत ज्याचा नंबर वर, तो पुढच्या परीक्षेपर्यंत दांडीवर.

दांडीवर टॉवेलची घडी असे. घंटी वाजवायला मिळे. मुख्य म्हणजे वडील बोलत. या कंपनीत काय बनतं, त्या भोंग्याला कोण सुटतं. कॅरियरवर वाऱ्यामुळे त्यातला शब्दही येत नसे. समोर फक्त शर्टाची पाठ आणि ऑइलचा वास. दोन वर्षं दादाचाच नंबर वर येत होता आणि मी ती पाठ पाहत होते.

शाळेतून येताना दादा म्हणाला, "बस आता दांडीवर. ढुंगण दुखलं की कळंल."

"तू जूनमध्ये माझ्याच वर्गात येशील," मी म्हणाले. तो पुढे निघून गेला.

वडिलांनी दोन्ही प्रगतिपुस्तकं पाहिली. माझं पाहून "झ्याक" म्हणाले. दादाचं मिटून फळीवर ठेवलं. संध्याकाळी टॉवेलची घडी मीच घातली.

"तू मागं बस, बाये."

"पण माझा नंबर पयला हाय!"

"हाय की. न्हाई कोन म्हनतंय? आज त्याला बसू दे."

आई दारातून म्हणाली, "अवो, नियम तुमचाच न्हवं?"

त्यांनी दादाला दांडीवर बसवलं. रस्ताभर मान पुढे वाकवून ते दादाशी बोलत होते. घंटी एकदाही वाजली नाही. मंडईत मी त्याला विचारलं, काय सांगत होते?

"काय न्हाई. लेथचं."

जूनमध्ये आम्ही एका वर्गात बसलो. सहामाहीपर्यंत दांडीवर दादाच बसला. सहामाहीत मी पुन्हा पहिली आले. दादा सगळ्या विषयांत पास झाला, पण नंबर बराच खाली होता. त्या गुरुवारी वडिलांनी काही न विचारता मला उचलून दांडीवर बसवलं. दादा मागे बसला. मंडईच्या वळणावर खाली वाकून वडिलांनी हळूच विचारलं, "दादा वर्गात ध्यान देतो का गं?"

मी म्हणाले, "देतो."