गाबोळीच्या दिवसांत बोलायचं नसतं

आग्राफेना मावशी बोलायला लागली की धक्क्यावरचे कावळेसुद्धा उडून जायचे. माझ्या आईची सख्खी बहीण, त्यामुळे सगळ्यात जास्त मीच ऐकून घेतलंय. वय चौऱ्याहत्तर, गुडघे कामातून गेलेले, तरी अलास्काच्या ऐन हिवाळ्यात स्वतःची होडी काढून बाई गळाने राजा सॅमन धरायची. आणि धरला की आधी त्याचं पोट चिरायची.

"माणसं थापा मारतात. ह्याचं पोट बघ," म्हणायची.

पूर्वी एकेका पोटातून आठ-आठ, दहा-दहा हेरिंग मासे निघायचे, तारलीएवढे, चकचकीत. अलीकडे कोळंबीचे चार तुकडे, नाहीतर नुसतं पाणी. असला वाळका सॅमन धुरीला टांगला तर चरबीचा थेंबही गळत नाही.

त्या मार्चमध्ये मत्स्यखात्याचा ब्रॅडी साहेब गावच्या हॉलमध्ये आला. सॅमन कमी झालेत कारण सील जनावरं माजलीत, म्हणाला. आणि त्याच दमात म्हणाला, यंदा आमच्या खाडीत मोठ्या बोटी हेरिंग धरणार. माद्यांची गाबोळी परदेशात विकायची, उरलेल्या माशाचं खत. माझं डोकंच फिरलं.

मावशी उठली. हिवाळाभर बर्फात ठेवलेली पिशवी तिने साहेबाच्या टेबलावर उलटी केली.

"सतरा सॅमनची पोटं आहेत साहेब. एकात हेरिंग दाखवा, आत्ता होडी विकते."

"बाई, हे काय! हा काही पुरावा झाला?"

"सील सॅमनला खातं, अस्वल खातं, मी खाते. आजवर संपला नाही तो. पण त्याच्या ताटातलं कोणी ओढून नेत नव्हतं. तुम्ही नेताय, आणि बोंब सीलच्या नावाने?"

"परवानगी झालीय, बाई."

"झाली असेल तुमच्या कागदावर!"

हॉल हसला. पण परवानगी ती परवानगीच.

आम्ही त्लिंगिट लोक, इथले मूळचे, दर वसंतात खाडीच्या आतल्या अंगाला हेमलॉक झाडाच्या फांद्या बुडवून ठेवतो. हेरिंग येतात, फांद्यांवर गाबोळी टाकतात. थोडी आम्ही खातो, बाकीच्या गाबोळीची पिल्लं होऊन समुद्रात जातात. त्याआधीच जाळं पडलं तर संपलंच सगळं. आणि त्या दिवसांत खाडीत इंजिन लावायचं नाही, मोठ्याने बोलायचं नाही. हेरिंग बुजतात. लहानपणी ह्यापायी मी कितीतरी धपाटे खाल्लेत.

एप्रिलमध्ये बोटींना जाळी टाकायला एका दुपारचे तीन तास मिळाले. बारा वाजायच्या आधीच मावशी आणि मी वल्ही मारत खाडीच्या तोंडाशी गेलो. तोंड एवढं चिंचोळं, की आमची होडी आडवी केली तर जाळं टाकायला वावच नाही.

ब्रॅडी साहेबाची बोट आली. भोंग्यातून ओरडला, "बाई, होडी काढा! नाहीतर जप्त करीन!"

मावशीने ओठांवर बोट ठेवलं. मला राहवेना. मी उभी राहून ओरडले, "नाही काढत! काय करायचं ते करा!"

वल्ह्याचा दांडा माझ्या घोट्यावर असा बसला की डोळ्यांत पाणी आलं.

"तोंड मीट, थेल्मे," मावशी कुजबुजली. "मागे बाळंतपण चाललंय."

मी वळून पाहिलं. आमच्या पाठीमागे हेरिंग गाबोळी टाकत होते, पाणी दुधासारखं पांढरं व्हायला लागलं होतं.

एक बोट इतक्या जवळून गेली की लाट होडीत शिरली. मावशी चहाच्या टमरेलाने पाणी उपसत राहिली. साहेबाचा भोंगा वाजतच होता. त्या कुजबुजीनंतर तीन वाजेपर्यंत ती बाई एक शब्द बोलली नाही! आख्खा गाव काठावर उभा राहून बघत होता, आणि तोही गप्प. तीन वाजता शिट्टी झाली. बोटींना बाहेर मिळाले तेवढे हेरिंग घेऊन त्या गेल्या. खाडी वाचली. मावशीची होडी मात्र साहेबाने दोरी बांधून ओढून नेली.

"ने बाबा," काठावर आल्यावर मावशी म्हणाली. "तिचं काम झालंय."

बोलली खरी, पण घरी जाऊन रडली. चाळीस वर्षांची होडी होती ती.

डिसेंबरात ती माझ्या होडीतून गळ टाकायला आली. दुपारी एक राजा सॅमन लागला, चांगला जाडजूड. मावशीने सुरी चालवली. पोटातून सहा हेरिंग घसरले, बोटाएवढे.

"एवढुसे?" मी म्हटलं.

"ह्याच वसंतातली पोरं आहेत गं."

 ती एकेक हेरिंग उचलून पिशवीत भरत होती.

"घरी न्यायचे?"

"साहेबाच्या टेबलावर," मावशी म्हणाली. "इंजिन लाव, थेल्मे. आता बोलायचे दिवस आहेत."