लांबचं टोक

दत्ता गेल्याचा फोन त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी केला तेव्हा मी केजच्या स्टँडवर धारूरच्या गाडीची वाट बघत होतो. "भाऊजी, चहा मागितला अन् कप तसाच राहिला..." एवढंच त्या बोलल्या. गाडी आली, मी चढलो नाही. निवृत्तीनंतर दत्ता केजलाच राहत होता; उलट पावली त्याच्या घराकडे निघालो. आठवड्यापूर्वीच त्या घरात बसून मी दत्ताशी खोटं बोललो होतो. आज दीड महिना झाला, ते खोटं अंगातून जात नाही. आता वागवून वागवून थकलो, म्हणून लिहितो आहे.

बाहेर तो भूभौतिकशास्त्रज्ञ, डॉक्टरसाहेब. मला शाळेपासूनचा दत्ता. मी भूगोलाचा मास्तर झालो, तो विद्यापीठात गेला, पण दर मे महिन्यात यंत्र घेऊन बालाघाटात परत यायचा. जमिनीत वीज सोडायची आणि खालचा दगड तिला किती अडवतो ते मोजायचं, हे त्याचं काम. "पाणी लागलं की समदे छापतेत बे," तो म्हणायचा, "फेल गेलेला बोअर कुनीच सांगत न्हाई." म्हणून त्यानं कोरड्या जागांचाच नकाशा केला. त्यावर पुढे कितीतरी जणांनी संशोधन केलं, परदेशातून पत्रं आली. इकडे तर लोकांनी त्या नकाशावर त्याहूनही जास्त विश्वास ठेवला. तळहातावर नारळ धरून पाणी दाखवणाऱ्यांना कुणी विचारेना. "डाक्टरसायबानं न्हाई म्हनलंय, मंग कशाला भोक पाडायचं?" हे मी बांधाबांधावर ऐकलं आहे.

त्या "नाही"चं एक टोक माझ्या हातात असायचं. वायरीला ठरावीक अंतरावर चिंध्यांच्या गाठी, शेवटची लाल. दत्ता मधे छत्रीखाली यंत्रापाशी. एका बाजूला ज्याचं शेत तो माणूस, दुसऱ्या बाजूला मी. वायर ओढत उतारापलीकडे जायचं, लाल गाठीपाशी लोखंडी सळई ठोकायची आणि ओरडायचं, "लावली!" मग दत्ता आकडा लिहायचा. वहीच्या प्रत्येक पानावर "लांबचं टोक" असं लिहून पुढे माझं नाव. त्याच्या पहिल्या मोठ्या निबंधात आभारातही पहिलं नाव माझंच होतं, आणि तो अंक मी शाळाभर मिरवला होता.

धारूरच्या डोंगरकडेला मेंढपाळांची एक वस्ती आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एका मे महिन्यात तिथं मोजताना भर दुपारी माझ्या पुढ्यात बाभळीचं रान आलं. पाय भरून आले होते, डोकं तापलं होतं. मी अलीकडेच सळई ठोकली, उरलेली वायर झुडपाखाली सारली आणि ओरडलो, "लावली!" अंतर कमी भरलं की आकडा फुगतो, आणि फुगलेला आकडा म्हणजे खाली कोरडा कातळ. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. दत्तानं "नाही" लिहिलं. त्या शब्दावर वस्तीतल्या बाया वर्षानुवर्षं खालच्या विहिरीवरून हंडे वाहत राहिल्या.

गेल्या उन्हाळ्यात वस्तीतल्या एका जावयानं कुणाचं न ऐकता तिथंच बोअर घेतला. भरपूर पाणी लागलं! दत्ता हादरला. आजारी माणूस, पण जुन्या वह्या काढून स्वतःचं गणित कुठं चुकलं ते शोधत बसला. शेवटी मला बघवेना. तो जाण्याच्या आठवडाभर आधीच्या त्या भेटीत मी सांगून टाकलं.

त्यानं वहीतून डोकं वर काढलं. "तवाच कावून बोलला न्हाईस?"

"लाज वाटली."

"आजून कितीदा केलतंस?"

मला तिन्ही जागा स्पष्ट आठवत होत्या. मी म्हणालो, "एकदाच."

"एकदाच ना? मंग नकाशा टिकला," तो म्हणाला आणि वही मिटून उशाशी ठेवली. त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की... नाही, त्याच्यासाठी नाही. मी भ्यालो म्हणून गप्प बसलो.

दत्ताची विद्यार्थिनी माधवी तो नकाशा आता गावोगावच्या ग्रामपंचायतींना देणार आहे, हे मला तेराव्याला कळलं. मी तिला उरलेल्या दोन जागा लिहून कळवल्या. वाटलं, आता ही पोर तोंड बघणार नाही. ती दत्ताची वही आणि तीच वायर घेऊन दारात उभी राहिली. "काका, परत मोजू. टोक कोण धरणार?"

मीच धरलं. सत्तरी ओलांडल्यावर त्यातल्या पहिल्या जागेचा चढ छातीवर येतो. चार ठिकाणी बसलो. लाल गाठ जमिनीला टेकली तिथंच सळई ठोकली आणि होता तेवढा दम काढून ओरडलो, "लावली!"

पलीकडून आवाज आला, "काका, नक्की?"

राग आला, खोटं कशाला सांगू. मग म्हणालो, "ये बाई, बघून जा."

ती उन्हातून टेकाड चढून आली. वाकून गाठ बघितली, सळई हलवून बघितली. वहीत "लांबचं टोक"पुढे माझं नाव लिहिलं आणि त्यापुढे लिहिलं, "पाहिलं."

मी ती वही हातात घेऊन मागची पानं चाळली. पानापानावर माझं नाव होतं, आणि त्यापुढे काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत दत्ता एकदाही बघायला आला नव्हता.