डोंगरावरच्या चुन्याच्या फुल्या

योनाथान शेंडे कोसमटोल्यात आला तेव्हा धान कापून खळ्यावर आलं होतं. साल १९५४. नागपूरच्या कॉलेजात तो भूगर्भशास्त्र शिकत होता. आरमोरीच्या पूर्वेकडच्या एका डोंगराचा नकाशा करायचा आणि तिथले दगड आणायचे, एवढं काम प्राध्यापकांनी नाताळच्या सुट्टीआधी नेमून दिलं होतं. त्याची आई चांद्याला मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. कोसमटोल्याच्या सोमाजीचा सडत चाललेला पाय तिनं मलमपट्टी करून वाचवला होता. म्हणून तिच्या मुलानं राहायला जागा मागितली, तेव्हा सोमाजीला नाही म्हणता आलं नाही. गोठ्याशेजारची खोली त्यानं झाडून दिली.

जेवण मात्र ओसरीवर, पळसाच्या पत्रावळीवर. पाणी वरून. योनाथानला याची सवय होती. घास घेण्याआधी तो डोळे मिटून ओठांतल्या ओठांत प्रार्थना करी, तेव्हा सोमाजीची बायको सुगंधाबाई दाराआडून बघत राही.

एकदा तिनं विचारलंच. "अन्नावर काय म्हणते रे बापू?"

"देवाचे आभार मानतो, बाई."

"कोणत्या देवाचे?"

त्यानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तिची नातवंडं ओसरीकडे फिरकेनाशी झाली.

दिवसभर तो डोंगरावर असे. हातोडीनं कपार फोडायची, तुकडा हातात तोलायचा, पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यावर घासून रेघ कशी उमटते ते बघायचं. रेघ लाल आली की लोखंड. जिथून दगड घेतला तिथं तो चुन्यानं एक फुली मारी, म्हणजे नकाशा करताना जागा सापडावी.

चौथ्या दिवशी नदीवरून आंघोळ करून आला, तर दगडांची पिशवी हलकी लागली. लालसर, जड दगड नेमके कमी होते. डोंगरावर गेला, तर काही फुल्याही कुणीतरी ओल्या पाल्यानं घासून पुसलेल्या.

त्याला सोमाजीचा संशय आला. आदल्या संध्याकाळीच सोमाजीनं त्यातला एक दगड उचलून विचारलं होतं, "याच्यात लोखंड हाये म्हणते. मंग कंपनी येईन काय इथी?" तेव्हा योनाथान हसला होता. आता तेच बोलणं त्याला खुपायला लागलं. तो पिशवी उशाशी घेऊन झोपू लागला आणि ओसरीवर बसून सोमाजी काय करतो, कुठे जातो, यावर नजर ठेवू लागला. सोमाजीच्याही ते ध्यानात आलं. दोघं एकमेकांशी कामापुरतं बोलू लागले.

मग एका सकाळी, हातोडी विसरली म्हणून अर्ध्या वाटेतून परतत असताना त्याला सुकरी दिसली. शेजारच्या गोंडटोल्यातली म्हातारी. ओटीत दगड घेऊन ती डोंगर चढत होती. तो लपत-छपत मागं गेला. एका कपारीपाशी बसून तिनं ओटीतला दगड काढला, फुटलेल्या जागी लावून बघितला, बसेना तेव्हा दुसरा लावला. तो बसला. तिनं वरून हात फिरवला.

"आजी, माझे दगड काऊन नेते तू?"

सुकरी दचकली नाही. "तुहे कुठचे? पेनचे हायेत," ती म्हणाली. पेन म्हणजे तिच्या लोकांचा देव. तो त्या डोंगरावर बसतो.

त्याच दुपारी तिचा मुलगा सुकलू चार माणसं घेऊन सोमाजीच्या अंगणात आला. गोंडटोल्यात त्याचा शब्द चाले.

"हे क्रूस काऊन काढून राह्यला डोंगरावर?" त्यानं विचारलं.

योनाथानला क्षणभर कळेना. मग कळलं, आणि कानशिलं तापली.

"क्रूस नाई भाऊ, फुली हाये. खूण."

"तू किरिस्ताव हाये ना?"

"हावो."

"मंग?"

धर्मांतरावरून मिशनवाल्यांची सरकारी चौकशी चालू असल्याचं आरमोरीच्या बाजारात बोललं जात होतं, ते टोल्यापर्यंत आलं होतं. "मी कोणाले बाटवाले नाई आलो," तो म्हणाला. "फुली नको तर गोल काढतो."

"गोल जंगलवाले काढते झाडावर. मंग झाडं तोडून नेते."

सोमाजी खांबाला टेकून उभा होता. योनाथानला वाटलं, तो आपल्या बाजूनं बोलेल. सोमाजी म्हणाला, "मलेबी याचा भरवसा नाई. पन याच्या मायचा हाये."

शेवटी ठरलं ते असं: खुणा बंद, सुकलू सोबत राहील, आणि तो सांगेल तिथलाच दगड घ्यायचा. पेनची जागा म्हणून वरचा अर्धा डोंगर त्यानं सोडायला लावला. लोखंड तिथंच जास्त होतं, हे योनाथानला खालून दिसत होतं. तो वर गेला नाही.

परतताना सुकलूनं बैलगाडीनं त्याला वडशाच्या स्टेशनावर सोडलं. फलाटावर त्यानं पिशवी मागितली, एकेक दगड बाहेर काढून पाहिला आणि परत भरला. नॅरोगेजची छोटी गाडी सुटेपर्यंत सुकलू तिथंच होता.

नागपूरला प्राध्यापकांनी नकाशावर बोट ठेवलं. "वरचा भाग कोरा का?"

"जंगल दाट होतं, सर."

त्यांनी गुण कापले. योनाथान दुसऱ्या वर्गात पास झाला. पुढं चांद्याच्या एका शाळेत त्यानं विज्ञान शिकवलं. सोमाजीचा पाय पुन्हा चिघळला, तेव्हा सोमाजी आईच्या दवाखान्यात आला; योनाथानही तिथं होता. आईनं दोघांसाठी एकाच ताटलीत भजी ठेवली. सोमाजीनं त्यातलं एक उचलून खाल्लं.