एक वाजताचा ठराव

विजयकुमारची सात सीटांची गाडी कॉलेजच्या दारातून संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी सुटते म्हणजे सुटते. शारजाच्या अल नहदात राहणाऱ्या सहा मुलींनी मिळून लावलेली ही रोजची कारलिफ्ट. कुणी जिन्यातून धावत हात हलवला तरी विजयकुमार गाडी हळू करील, थांबणार नाही. "मॅडम, पाँच दस बोला तो पाँच दस. पाँच ग्यारा में शारजा का रोड खलास!"

सुरुची देवरुखकरचं कॉलेजमधलं सारं आयुष्य त्या पाच-दहाच्या अलीकडे मावलेलं होतं.

कॉलेजही तसं एवढंसं. दोनशे दहा मुलं आणि एका काचेच्या इमारतीचे तीन मजले, तत्त्वज्ञानापासून सिनेमापर्यंत सगळं थोडं थोडं. कोण कुणाशी बोलत नाही हे दुपारपर्यंत सगळ्यांना कळायचं, आणि का बोलत नाही ते संध्याकाळी. पण संध्याकाळ होती ती कॉलेजजवळच मरीनाच्या हॉस्टेलात राहणाऱ्यांची. नाटकाचा क्लब सहाला, सिनेमाचा सहाला, वादविवाद सहाला, वाढदिवसाचा केक साडेसहाला. सुरुचीच्या वाट्याला दुसऱ्या दिवशी फोटो यायचे आणि वर हॉस्टेलवाल्यांचं ते वाक्य, "ओ माय गॉड, यू शुड हॅव कऽऽऽम!" यातला 'कम' निदान तीन सेकंद ताणायचा असतो, आणि ताणताना समोरच्याकडे न बघता फोनकडे बघायचं असतं.

बरं, एकटं पडायचं म्हटलं तरी सोबतीला अस्मिता होती. शेजारच्याच टॉवरमधली, तिसरीपासून एका बाकावरची. गाडीत मागची सीट दोघींची. हॉस्टेलवाल्यांच्या नकला, सरांच्या नकला, विजयकुमारसमोर विजयकुमारची नक्कल, सगळं त्या सीटवर चालायचं. फेब्रुवारीतल्या एका संध्याकाळी शारजाच्या हद्दीवर गाडी तासभर मुंगीच्या पावलांनी सरकत होती. तेव्हा सुरुचीने कुणालाच न सांगितलेली गोष्ट तिला सांगितली.

"खरं सांगू? पाच वाजले की मला हुश्श वाटतं. कारलिफ्ट आहे म्हणून बरंय. नाहीतर त्या सगळ्यांत जाऊन उभं राहायचं, काय बोलायचं, हात कुठे ठेवायचे... माझ्या तर पोटात गोळा येतो."

"मला तर डबल गोळा," अस्मिता म्हणाली आणि दोघी विजयकुमार मागे वळून बघेपर्यंत हसल्या.

पण हुश्श करत तीन वर्षं काढायची का, असंही सुरुचीला वाटायचं. त्यातूनच ठराव निघाला. मंगळवारी आणि गुरुवारी एक ते दोन लेक्चर नसतात, तर क्लबांच्या सभा तेव्हा घ्या. घरून येणाऱ्या अठ्ठ्याऐंशी मुलांना निदान तोंड तरी दाखवता येईल. दोन महिने ती कॅन्टीनमध्ये टेबलाटेबलाशी जाऊन सह्या मागत हिंडली. प्रत्येक टेबलाआधी बाथरूममध्ये जाऊन आरशाला सांगायची, "हाय, आय ॲम सुरुची, कॅन आय टेक टू मिनिट्स?" पहिल्या टेबलावर आवाजच फुटला नाही. विसाव्यावर तिने स्वतःहून खुर्ची ओढली. त्रेसष्ट सह्या जमल्या. अजून थोडे दिवस, मग मीही कुणाच्या तरी फोटोत असेन, एवढंच तिचं मागणं होतं.

विद्यार्थी कौन्सिलचा नियम असा की ठराव एकाने मांडायचा आणि दुसऱ्याने उभं राहून पाठिंबा द्यायचा. दुसरी कोण, हा प्रश्नच नव्हता.

त्याच सुमाराला अस्मिता गाडीला येईनाशी झाली. "अगं, पप्पांची शिफ्ट बदललीय, तेच सोडतात आणि नेतात." ठीक आहे. दुपारी दोघी जेवायला एकत्र असायच्याच. सकाळी नऊच्या लेक्चरला अस्मिताचे केस ओले असायचे. अल नहदाची मुलगी साडेपाचला न्हाते, नऊपर्यंत केस वाळून त्यांचा झाडू होतो. सुरुचीने ते ओले केस तीन आठवडे रोज बघितले आणि तिला काही म्हणता काही सुचलं नाही. मैत्रिणीच्या केसांवर कोण संशय घेतं?

कौन्सिलची सभा अर्थातच सहाला. सुरुचीने त्या दिवशी विजयकुमारची गाडी सोडली आणि बाबांना सातला न्यायला बोलावलं. अध्यक्ष अर्श, खुर्ची उलटी करून बसणारा. "गाईज, गाईज, सेटल. आज एकच आयटम, पटकन संपवू, मला भूक लागलीय." कौन्सिलचे नऊ जण गोल बसले. सुरुची उभी राहिली आणि बोलली. चांगली बोलली. हात कुठे ठेवायचे याचा तिला विसरच पडला. एका मुलीने मानही डोलावली.

"अँड सेकंडेड बाय?" अर्श म्हणाला.

अस्मिता उठली. "ॲक्चुअली," ती म्हणाली, आणि तो शब्द तिने हॉस्टेलवाल्यांसारखा म्हटला, शेवट वर उडवून, "मला पाठिंबा नाही देता येणार. मी आता हॉस्टेलची रेसिडंट आहे. आणि पुढच्या टर्मपासून फिल्म क्लब मी बघणार आहे. एक वाजता, लंचच्या तासात, पूर्ण पिक्चर कसा दाखवायचा?"

मरीना. ओले केस. सुरुचीच्या डोक्यात आत्ता कुठे उजेड पडला, आणि तोही पुरता पडायच्या आत अस्मिता पुढे बोलली.

"आणि लेट्स बी ऑनेस्ट. घरून येणाऱ्यांना यायचंच नसतं. सुरुची माय बेस्ट फ्रेंड आहे, तिनेच मला सांगितलंय. पाच वाजले की तिला बरं वाटतं. कारलिफ्ट हे एक्स्क्यूज आहे. शी गेट्स स्केअर्ड, यू नो? त्यात वाईट काही नाही. पण त्यासाठी सगळ्या कॉलेजने टाइमटेबल का बदलायचं?"

कुणीतरी "ऑऽऽ" केलं, मांजराच्या पिल्लाला करतात तसं. त्रेसष्ट सह्यांचे कागद सुरुचीच्या हातात होते. खोटं आहे म्हणावं तर खोटं नव्हतं. खरं आहे म्हणावं तर ठराव गेला. ती म्हणाली, "तूही म्हणाली होतीस." आवाज पहिल्या टेबलावरच्यासारखाच निघाला. ऐकू गेलं ते फक्त शेजारच्याला.

ठरावाच्या बाजूने दोन, विरुद्ध सात. "कूल," अर्श म्हणाला. "पिझ्झा?"

अस्मिता कॉरिडॉरमध्ये मागून धावत आली. "सुरु, थांब ना. पर्सनली घेऊ नकोस हं. मी सांगणारच होते तुला, रोज सांगणार होते. ठराव तसाही पडलाच असता."

"मग पडू द्यायचा होतास. ढकलायला कशाला आलीस?"

"बघ, तू ना, आत्ता इमोशनल आहेस."

"मला इमोशनल म्हण, स्केअर्ड म्हण. इंग्रजीत तुला बरं जमायला लागलंय सगळं."

अस्मिताने तोंड उघडलं, तेवढ्यात आतून कुणीतरी तिला हाक मारली, "ॲऽऽश!" आणि ती वळली. अस्मिताची ॲश झाली होती, हेही सुरुचीला तेव्हाच कळलं.

खाली बाबा, म्हणजे सूर्यकांत देवरुखकर, साइटवरून तसेच आलेले, शर्टाच्या खिशात मोजपट्टी. सुरुची पुढच्या सीटवर बसली. बाबा म्हणाले, "पट्टा लाव. काही खाल्लंस का?" आणि गाडी सुरू केली.

गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा सुरुचीला काहीतरी राहिल्यासारखं वाटलं. शाळेपासून बाबा जेव्हा जेव्हा न्यायला आले तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न एकच असायचा, "दुसरी कुठाय?" दुसरी बसल्याशिवाय गाडी हलायची नाही.

"बाबा, आज दुसरी कुठाय विचारलं नाहीत?"

बाबांनी डावीकडचा दिवा लावला. वळायचं उजवीकडे होतं. "तिचं... काहीतरी काम असेल ना."

"बाबा."

"अगं, तिच्या आईचा फोन आला होता आपल्या आईला. म्हणाल्या, सुरुचीला इतक्यात सांगू नका, वाईट वाटेल, अस्मिता स्वतःच सांगेल. आता पोरगी स्वतः सांगतेय म्हटल्यावर आपण मध्ये कशाला पडा?"

"आई मला रोज विचारते, अस्मिताचे पप्पाच सोडतात का गं अजून."

"ते ती चाचपून बघत होती. तुला कळलंय का ते."

एरवी बाबांना इंग्रजीत उत्तरं देणारी सुरुची मराठीतच म्हणाली, "म्हणजे दोन्ही टॉवरना माहीत होतं. फक्त मी सोडून."

बाबा काही बोलणार तोच गाडीतला फोन वाजला. पडद्यावर 'शोभना'. बाबांनी घाईघाईने बोट दाबलं, तेही चुकीच्या जागी, आणि आईचा, मुद्दाम सुरुचीलाही ऐकू जावा असा, साजूक आवाज गाडीभर पसरला. "निघालात का हो? अस्मितालाही घेतलंत ना? उशीर झालाय, पोरीला एकटीला नका येऊ देऊ."

बाबा पडद्यावर लाल बटण शोधत होते. सुरुचीने त्यांचा हात धरून बाजूला केला.

"घेतलंय आई. मागे बसलीय. बोल तिच्याशी."

मागच्या सीटवर बाबांचं साइटचं हेल्मेट होतं. फोनवर फक्त कुकरची एक शिट्टी झाली, मग दुसरी.

"बोल ना आई," सुरुची म्हणाली. "ती ऐकतेय."